मोटारसायकलची चेन : ताणत नाही, झिजते!

पावसाळा सुरू झाला की शहरातील गॅरेजांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते, ‘चेन वाजते आहे, जरा टाइट करून द्या.’ मेकॅनिक पाना घेतो, मागच्या चाकाचा नट सैल करतो, चाक थोडे मागे सरकवतो आणि पाच मिनिटांत गाडी ग्राहकाच्या हवाली करतो. आवाज थांबतो. महिन्याभरात तो पुन्हा सुरू होतो आणि पाना पुन्हा फिरतो. असे करता करता एक दिवस चाक मागे सरकवायला जागाच उरत नाही. तोवर चेनबरोबर दातेरी चक्रांचेही दाते झिजून गेलेले असतात.

या साऱ्या खटाटोपात चेन सैल का पडली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. चेन घट्ट केल्याने सैलपणा दूर होतो; झीज मात्र तशीच राहते, किंबहुना ती नजरेआड जाते. झिजलेली चेन भरधाव गाडीवर दात्यांवरून निसटली किंवा तुटली, तर ती पुढच्या चक्रापाशी गोळा होऊन इंजिनाचे कवच फोडू शकते किंवा मागच्या चाकात अडकून चाक जागीच जाम करू शकते. महामार्गावर मागे ट्रक असताना असे घडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच चेन केव्हा घट्ट करावी आणि केव्हा बदलावी, यातील फरक प्रत्येक मोटारसायकलस्वाराने समजून घेणे आवश्यक आहे.

स्कूटरच्या पिढीला न पडलेला प्रश्न

महाराष्ट्रातील मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या स्कूटरवर वाढल्या. बजाज चेतकसारख्या जुन्या गिअरच्या स्कूटरला चेन नव्हती. इंजिनाची शक्ती बंदिस्त गिअरमधून थेट मागच्या चाकाकडे जात असे. त्यामुळे चेनची निगा हा विषय अनेक घरांत कधी निघालाच नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून मायलेज देणाऱ्या मोटारसायकली घरोघरी आल्या आणि त्यांच्याबरोबर चेनही आली. स्कूटरप्रमाणे तेल बदलले, ब्रेक तपासले की सर्व्हिसिंग झाले, ही समजूत मात्र कायम राहिली. त्यात आपल्याकडील अनेक लहान मोटारसायकलींची चेन पूर्ण झाकणाऱ्या कव्हरच्या आत असते. जी वस्तू दिसत नाही, तिची आठवणही होत नाही.

मोटारसायकलला वापरली जाणारी रोलर चेन ही जुनी आणि अतिशय कार्यक्षम रचना आहे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या हान्स रेनॉल्ड या अभियंत्याने इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १८८० मध्ये बुश असलेल्या रोलर चेनचे पेटंट घेतले. आजची चेन मूलतः तीच आहे. तिच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते, पिनेभोवती बुश नावाची पोकळ नळी असते आणि बुशभोवती मोकळा फिरणारा रोलर असतो. बाजूच्या पोलादी पट्ट्या या साऱ्यांना एकत्र धरून ठेवतात. रोलर चक्राच्या दात्यांमध्ये बसतो, तर पिन बुशच्या आत वळते. बाहेरून दिसतो तो रोलर. पण चेनचे आयुष्य ठरते ते आत न दिसणाऱ्या पिन आणि बुश यांच्या घर्षणावर.

पाव मिलिमीटरचे गणित

‘चेन ताणली गेली’ असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात पोलादी पट्ट्या ताणून लांब होत नाहीत. होते ते इतकेच, की चेन चक्रावर चढताना आणि उतरताना प्रत्येक सांधा वळतो. वळताना पिन बुशच्या आतील पृष्ठभागावर घासते. दोन्हींचा धातू किंचित झिजतो आणि सांध्यात पोकळी तयार होते. शंभराहून अधिक सांध्यांतील या बारीक पोकळ्यांची बेरीज म्हणजे चेनची वाढलेली लांबी.

शंभर ते दीडशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना ४२८ क्रमांकाची चेन असते. या क्रमांकातील पहिला अंक लगतच्या दोन पिनांमधील अंतर एक अष्टमांश इंचाच्या पटीत सांगतो. चार अष्टमांश म्हणजे अर्धा इंच, अर्थात १२.७ मिलिमीटर. मोठ्या गाड्यांच्या ५२० क्रमांकाच्या चेनमध्ये हेच अंतर पाच अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे १५.९ मिलिमीटर असते. चेनची लांबी दोन टक्के वाढली की ती बाद समजावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. १२.७ मिलिमीटरचे दोन टक्के म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर. प्रत्येक सांध्यात इतकी झीज झाली, की संपूर्ण चेन निकामी ठरते.

ही झीज होण्यास सांधा किती वेळा वळावा लागतो? अठरा इंची चाकाच्या लहान मोटारसायकलचे चाक एका किलोमीटरमध्ये साधारण ५३० फेरे घेते. मागच्या चक्राला ४२ दाते आणि चेनला ११८ कड्या आहेत असे धरले, तर एका किलोमीटरमध्ये चेनच्या सुमारे १९० प्रदक्षिणा होतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना चेन दर सेकंदाला तीनहून अधिक वेळा फिरते. प्रत्येक प्रदक्षिणेत सांधा चार वेळा वळतो : दोनदा पुढच्या चक्राशी, दोनदा मागच्या. या हिशेबाने २० हजार किलोमीटरमध्ये एकेक सांधा सुमारे दीड कोटी वेळा वळतो. पहिल्या गिअरमध्ये चढ चढताना लहान गाडीच्या चेनवर येणारा ताणही दोनशे ते तीनशे किलोग्रॅमच्या घरात जाऊ शकतो. हे सारे लक्षात घेतले, तर चेन झिजते याचे नव्हे, ती इतकी टिकते याचेच आश्चर्य वाटावे.

चेनचे आयुष्य वर्षांत मोजण्याची सवय मात्र फसवी आहे. घर ते कार्यालय असा दिवसाला २० किलोमीटर प्रवास करणाऱ्याला २० हजारांचा टप्पा गाठायला एक हजार दिवस, म्हणजे पावणेतीन वर्षे लागतात. घरपोच खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या तरुणाची गाडी दिवसाला १०० किलोमीटर धावत असेल, तर तोच टप्पा २०० दिवसांत येतो. दोघांच्या गाड्या एकाच दिवशी घेतलेल्या असल्या, तरी दोन्ही चेन सारख्याच वयाच्या नसतात.

झीज कशी ओळखावी?

झीज ओळखण्याच्या चार सोप्या चाचण्या आहेत. त्यांसाठी गॅरेजात जावेच लागते असे नाही. गाडी सपाट जागेवर डबल स्टँडवर लावावी, इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा.

पहिली चाचणी ढिलाईची. दोन्ही चक्रांच्या मध्यावर चेनचा खालचा भाग बोटाने वर-खाली हलवून पाहावा. या हालचालीचे एकूण अंतर लहान गाड्यांत बहुधा २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास अपेक्षित असते. नेमका आकडा आणि ते गाडी कोणत्या स्टँडवर असताना मोजावे, हे गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत दिलेले असते. तेच प्रमाण मानावे. पूर्ण कव्हर असलेल्या गाड्यांत खालच्या बाजूला रबरी बूच असते. ते काढले की आतील चेन दिसते आणि बोटाने हलवता येते.

दुसरी चाचणी पहिलीचाच पुढचा भाग आहे. चाक हाताने थोडे थोडे फिरवत चार-पाच ठिकाणी ढिलाई पाहावी. एका ठिकाणी चेन ताठ आणि दुसऱ्या ठिकाणी लोंबती आढळली, तर झीज असमान झाली आहे किंवा काही सांधे गंजून आखडले आहेत, असे समजावे. अशी चेन समायोजनाने कधीच नीट बसत नाही. सैल जागा पाहून घट्ट करावी, तर ताठ जागी ती जास्तच आवळली जाते.

तिसरी चाचणी मोजपट्टीची. चौघींत सर्वांत विश्वसनीय हीच. चेन ताणलेल्या स्थितीत असताना एका पिनेच्या केंद्रापासून पुढच्या २१ व्या पिनेच्या केंद्रापर्यंतचे अंतर मोजावे. यात २० कड्या येतात. ४२८ क्रमांकाच्या नव्या चेनमध्ये हे अंतर २५४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर १० इंच भरते. ते २५९ मिलिमीटरवर गेले, की दोन टक्क्यांची मर्यादा गाठली गेली. ५२० क्रमांकाच्या चेनमध्ये नव्या अवस्थेत ३१७.५ मिलिमीटर भरणारे हे अंतर सुमारे ३२४ मिलिमीटरवर गेले, की तीच मर्यादा येते. काही उत्पादक, विशेषतः सीलबंद चेनसाठी, याहून कमी वाढीतच चेन बदलण्यास सांगतात. माप तीन-चार ठिकाणी घ्यावे आणि सर्वांत मोठे माप ग्राह्य धरावे. पूर्ण कव्हरच्या गाडीत यासाठी कव्हर उघडावे लागते. सर्व्हिसिंगच्या वेळी चाक उतरवलेच असेल, तर ती संधी सोडू नये.

चौथी चाचणी दात्यांची. मागच्या चक्राच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून मागे ओढावी. चेन दात्यांना घट्ट बिलगून राहिली तर ठीक. ती उचलली जाऊन अर्ध्याहून अधिक दाता उघडा पडत असेल, तर तिची लांबी वाढलेली आहे. त्यानंतर दात्यांचा आकार पाहावा. नव्या चक्राचा दाता दोन्ही बाजूंनी सारखा आणि माथ्याला काहीसा चपटा असतो. झिजलेला दाता एका बाजूने खोल खरवडला जाऊन माशाच्या पाठीवरील परासारखा एकीकडे झुकलेला आणि टोकदार दिसतो. असे आकडेदार दाते दिसले, की पुढील मोजमापाची गरजच उरत नाही.

कानही बरेच काही सांगतात. थ्रॉटल देताना किंवा सोडताना बसणारा हिसका, कव्हरच्या आतून येणारी खडखड, चाकाच्या गतीबरोबर वाढणारा करकर आवाज आणि दर काही दिवसांनी चेन घट्ट करावी लागणे ही सारी झिजेची लक्षणे आहेत.

‘दोन कड्या काढून टाका’

चाक मागे सरकवायची जागा संपली, की अनेक ठिकाणी एक स्वस्त उपाय सुचवला जातो : चेनमधील दोन कड्या काढून टाकायच्या. चेन आखूड होते, चाक पुन्हा पुढे येते आणि ग्राहकाचे पैसे वाचल्यासारखे वाटतात. तांत्रिकदृष्ट्या हा उपाय घातक आहे. कड्या काढल्याने चेनची एकूण लांबी कमी होते. पण उरलेल्या प्रत्येक सांध्यातील पाव मिलिमीटरची पोकळी तशीच राहते.

चक्राच्या दात्यांमधील अंतर ठरलेले असते. नव्या चेनचे रोलर त्या खाचांमध्ये तळाशी बसतात आणि भार अनेक दात्यांवर वाटला जातो. झिजलेल्या चेनमधील अंतर वाढलेले असल्याने रोलर तळाशी न बसता दात्याच्या उतारावर चढू लागतात. मग भार मोजक्या दात्यांवर येतो, ते वेगाने झिजतात आणि आकड्यासारखे होतात. शेवटी जोराचा हिसका बसला की रोलर दात्याचा माथा ओलांडून पुढे उडी मारतो. ‘चेन सटकली’ म्हणतात ती अशी. कड्या काढलेली चेन घट्ट दिसते, म्हणून ती सटकणार नाही असा विश्वास वाटतो; प्रत्यक्षात धोका आहे तेथेच राहतो.

प्रमाणाबाहेर घट्ट केलेली चेनही तितकीच वाईट. मागचे चाक ज्या दांडीला जोडलेले असते, ती स्विंग आर्म खड्ड्यातून जाताना वर-खाली होते. तिची बिजागरी आणि पुढचे चक्र यांची केंद्रे एका ठिकाणी नसल्यामुळे चाक वर-खाली होताना दोन्ही चक्रांमधील अंतर बदलते. पुढचे चक्र, बिजागरी आणि चाकाचा आस एका रेषेत येतात, तेव्हा ते सर्वाधिक असते. दोन माणसे बसलेली गाडी पावसाळी खड्ड्यात आदळली, की आधीच आवळलेल्या चेनला देण्यासारखे काही उरत नाही. सारा ताण मग गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या आणि चाकाच्या बेअरिंगवर येतो. चेनमधील ठरावीक ढिलाई हा दोष नसून गरज आहे.

तिन्ही भाग एकत्रच का बदलावेत?

गॅरेजच्या बोलीत ‘चेन-पॉकेट’ आणि दुकानात ‘चेन सेट’ म्हणून जे मागितले जाते, त्यात चेन, पुढचे लहान चक्र आणि मागचे मोठे चक्र असे तीन भाग असतात. त्यांतील एकच बदलून भागेल का, असा प्रश्न साहजिकच पडतो. उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच असते. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन बसवली, तर तिचे रोलर आकडेदार खाचांत नीट बसत नाहीत आणि नवी चेन थोड्याच काळात जुन्यासारखी होते. उलट, नव्या चक्रांवर जुनी चेन ठेवली, तर वाढलेल्या अंतरामुळे ती नवे दाते खरवडू लागते.

पुढच्या चक्राकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. कारण ते इंजिनाच्या बाजूच्या झाकणाआड असते. तेच सर्वांत लवकर झिजते. पुढे १४ आणि मागे ४२ दाते असतील, तर मागचे चक्र एकदा फिरेपर्यंत पुढचे तीनदा फिरते. म्हणजे पुढच्या प्रत्येक दात्यावर मागच्याच्या तिप्पट वेळा भार येतो. मागचे चक्र चांगले दिसते म्हणून संपूर्ण संच चांगला आहे, असा निष्कर्ष काढणे म्हणूनच चुकीचे ठरते.

खरेदी करताना गाडीचे नेमके मॉडेल आणि उत्पादनाचे वर्ष सांगावे. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक दात्यांची किंवा कड्यांची संख्या बदललेली असू शकते. जुन्या चक्रांवर कोरलेली दात्यांची संख्या आणि चेनच्या पट्टीवरील क्रमांक नव्या संचाशी ताडून पाहावा. गाडीच्या उत्पादकाचा किंवा चेन बनवणाऱ्या नामांकित कंपनीचा संच अधिकृत विक्रेत्याकडून, पावती घेऊन विकत घ्यावा. नकली संचांतील पिना आणि दाते पुरेसे कठीण केलेले नसतील, तर ते भराभर झिजतात आणि वाचलेली रक्कम दुसऱ्या खरेदीत जाते.

काही तरुण पिकअप किंवा मायलेज वाढावे म्हणून वेगळ्या दात्यांची चक्रे बसवून घेतात. पुढे १४ ऐवजी १५ दाते आले, तर चाकाचा वेग त्याच इंजिनगतीला सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. पण चाकाकडे जाणारा जोर त्याच प्रमाणात कमी होतो. दोघांना घेऊन घाट चढताना त्याची किंमत क्लचला मोजावी लागते. मूळ संख्याच कायम ठेवणे रोजच्या वापरासाठी शहाणपणाचे आहे.

बदलण्याची पद्धत

हे काम सफाईने करणारा मेकॅनिक असेल, तर त्याच्याकडूनच करून घ्यावे; पण काय काय व्हायला हवे, हे मालकाला ठाऊक असावे. सर्वप्रथम पुढच्या चक्रावरील झाकण काढून चक्राचे बोल्ट किंवा नट सैल करतात. जुनी चेन जागेवर असतानाच हे करायचे असते. कारण तेव्हा मागचा ब्रेक दाबून धरला की चक्र फिरत नाही आणि बोल्ट सहज सुटतात. चेन आधी काढली, तर हाच बोल्ट तासभर छळतो.

त्यानंतर चेनचे लॉक उघडून चेन काढली जाते. मग चाकाचा आस काढून मागचे चाक उतरवले जाते आणि मोठे चक्र सोडवले जाते. चाक उतरलेले असताना तीन गोष्टी जरूर पाहाव्यात : चाकाचे बेअरिंग हाताने फिरवल्यावर खरखरते का, हबमधील रबरी कुशन दबून सैल झाले आहेत का आणि ब्रेक शू किती उरले आहेत. रबरी कुशन इंजिनाचे हिसके पचवतात. ते खराब असतील, तर नव्या चेनलाही रोज हिसके बसतात. चक्राच्या नटांखालील दुमडून बसवायच्या लॉक पट्ट्या शक्यतो नव्याच घालाव्यात.

नवी चेन बसवल्यावर सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे लॉकची क्लिप. माशाच्या आकाराच्या या क्लिपचे एक टोक बंद आणि दुसरे उघडे असते. चेन ज्या दिशेने धावते, त्या दिशेला क्लिपचे बंद टोक यायला हवे. गाडी पुढे जाताना चेनचा वरचा भाग इंजिनाकडे सरकतो. म्हणून क्लिप वरच्या भागात असताना बंद टोक पुढे, इंजिनाच्या बाजूला असावे. ती उलटी बसली, तर कशाला तरी घासून निघून पडण्याचा आणि चेन रस्त्यावर गळून पडण्याचा संभव असतो. हे तपासायला अर्धा मिनिटही लागत नाही. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी प्रत्येकाने ते पाहावेच. मोठ्या गाड्यांच्या काही चेनमध्ये क्लिप नसते, सांधा रिव्हेट करावा लागतो. त्यासाठी वेगळे हत्यार लागते. हातोडीने ठोकून ते काम करू देऊ नये.

यानंतर ढिलाई ठरवताना चाकाच्या दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवावेत. स्विंग आर्मवरील खुणा डावीकडे आणि उजवीकडे एकाच रेघेवर याव्यात. त्या पुढे-मागे राहिल्या, तर चाक तिरके बसते, चेन दात्यांच्या एकाच बाजूला घासते आणि गाडी एका अंगाला ओढते. आसाचा नट पुस्तिकेत सांगितलेल्या जोराने घट्ट करून ढिलाई पुन्हा मोजावी. कारण नट आवळताना ती किंचित बदलते. जेथे स्प्लिट पिन असते, तेथे ती नवी घालावी. चाक मागे-पुढे झाल्यामुळे मागच्या ड्रम ब्रेकच्या पायट्याचा खेळही बदललेला असतो. ब्रेक आणि ब्रेक लाइट तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. नवी चेन पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडी सैल होते. साधारण ५०० किलोमीटरनंतर ती एकदा तपासून घ्यावी.

तेल, माती आणि पावसाळा

चेनचे आयुष्य वाढवणारा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे नियमित सफाई आणि तेल. साधारण दर ५०० किलोमीटरला, तसेच पावसात लांबचा प्रवास झाल्यावर चेनकडे लक्ष द्यावे. पावसाचे पाणी तेल धुऊन नेते आणि रस्त्यावरची बारीक वाळू चेनला चिकटते. तेल आणि वाळू यांचे मिश्रण पॉलिश पेपरसारखे काम करते. त्यामुळे जुन्या चिखलावर नुसते तेल ओतणे म्हणजे झिजेला हातभार लावणे होय.

मऊ ब्रश आणि थोडे रॉकेल किंवा चेन क्लीनर वापरून आधी मळ काढावा, चेन कोरडी पुसावी आणि मग तेल द्यावे. पेट्रोल वापरू नये. ते पेट घेण्याचा धोका असतोच. शिवाय सीलबंद चेनच्या रबरी ओ-रिंग त्याने खराब होऊ शकतात. या ओ-रिंग पिन आणि बुश यांच्यामधील कारखान्यात भरलेले ग्रीस आत राखतात. त्या फाटल्या, की आतले ग्रीस जाते आणि ते बाहेरून पुन्हा भरता येत नाही. तारेचा ब्रश आणि पाण्याचा जोरदार फवाराही याच कारणासाठी टाळावा.

वंगणासाठी अनेक उत्पादक एसएई ९० गिअर ऑइल सुचवतात. चेनसाठीचा स्प्रेही चालतो. सीलबंद चेनवर वापरायचा स्प्रे ओ-रिंगला चालणारा आहे, हे डब्यावर पाहून घ्यावे. इंजिनातून काढलेले काळे तेल चेनला लावण्याची पद्धत मात्र सोडून द्यायला हवी. त्यात धातूचे कण आणि काजळी असते. तेल चेनच्या खालच्या भागाच्या आतील बाजूने, पट्ट्यांच्या फटीत थेंब-थेंब सोडावे, म्हणजे फिरताना ते बाहेरच्या दिशेने सांध्यांत उतरते. लगेच गाडी काढण्याऐवजी काही वेळ थांबून जादा तेल पुसून घ्यावे.

आकर्षक दिसावी म्हणून गाडीचे चेन कव्हर आणि साडी गार्ड काढून टाकण्याची हौसही महागात पडते. कव्हर धूळ आणि पाणी अडवते, तर साडी गार्ड मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ देत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२३ व्या नियमाने मोटारसायकलला असे संरक्षण बंधनकारक केले आहे. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात अथवा चेनमध्ये सापडली, तर मागे बसणाऱ्या व्यक्तीच्या जिवावर बेतू शकते.

बोटे सांभाळा

चेनच्या देखभालीत एक चूक कधीही होता कामा नये. डबल स्टँडवर गाडी लावून, इंजिन चालू ठेवून आणि गिअर टाकून चाक आपोआप फिरवायचे व फडक्याने चेन पुसायची, असा सोपा मार्ग अनेक जण निवडतात. फिरत्या चेनमध्ये फडक्याचा एक धागा अडकला, तरी हात क्षणार्धात दात्यांकडे ओढला जातो. हात मागे घेण्याइतका अवधी मिळत नाही आणि बोटे तुटतात. हळू फिरणारे चाकही यासाठी पुरेसे असते. म्हणून इंजिन बंद, किल्ली खिशात आणि गिअर न्यूट्रलमध्ये, हा नियम अपवादाविना पाळावा. चाक हातानेच फिरवावे. ते फिरत असताना दुसरा हात चेनपासून दूर ठेवावा आणि चाक थांबल्यावरच पुसावे. मुले जवळ असतील, तर त्यांना चाकाला हात लावू देऊ नये.

सर्व्हिसिंगला गाडी देताना ‘चेन टाइट करा’ एवढेच सांगण्याऐवजी ‘वीस कड्यांचे माप किती भरते ते सांगा आणि पुढचे चक्र उघडून दाखवा’ असे सांगितले, तर मेकॅनिकही अधिक काळजीने पाहतो. २५४ आणि २५९ हे दोन आकडे गाडीच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्याजोगे आहेत. माप या दोहोंच्या मध्ये असेल, तर सफाई, तेल आणि योग्य ढिलाई पुरे. ते वरच्या आकड्याशी पोहोचले, की पाना बाजूला ठेवून नवा संच घ्यावा.